गोळी सुरू केली आणि अंगभर पुवाच्या पुटकुळ्या आल्या : पहिल्या तासापासून पुढच्या दोन महिन्यांपर्यंत काय करायचं

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर ४५ अंश, दुकानात कूलरची घरघर. एक मावशी काउंटरशी आल्या आणि पदर जरा बाजूला करून काख दाखवत म्हणाल्या, "भाऊ, घामोळ्या उठल्या जी. ते थंडवाली पावडर द्या ना, मोठा डबा." नागपूरच्या उन्हाळ्यात असे डबे रोजच जातात. माझा हात फळीकडे गेलाही होता. पण मावशींचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि डोळ्यांत ताप होता. विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"दाढेच्या. परवापासून. त्या तर घेऊनच राहिली ना. कोर्स पुरा करा म्हणते डॉक्टर."

पिशवीतून गोळ्यांचा पत्ता काढून दाखवला. अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलीन कुळातलं अँटिबायोटिक. पावडर दिली नाही. मावशींच्या मुलाला फोन लावला आणि दोघांना ऑटोत बसवून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवलं. जे निघालं त्याचं नाव ॲक्यूट जनरलाइज्ड एक्झँथेमॅटस पस्च्युलोसिस, डॉक्टरांच्या बोलण्यात एजीईपी. १९८० साली फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी या नावाने त्याचं वर्णन केलं. आजार दुर्मीळ आहे, वर्षाला १० लाख माणसांमागे १ ते ५ जणांना होतो. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे आणि ते मुख्यतः वयस्कर किंवा आधीच दुसऱ्या आजारांनी खचलेल्या माणसांत दिसतं.

मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. पण या आजारात माणसं जिथे चुकतात ती जागा नेमकी माझ्या काउंटरसमोर आहे. पू दिसला की माणूस "जंतू झाले" म्हणतो आणि आणखी अँटिबायोटिक मागतो. इथे पू असतो, पण जंतू नसतात. औषधाला चिडलेल्या शरीराच्या संरक्षक पेशी निरोप धाडतात, पांढऱ्या पेशींची झुंड कातडीकडे धावते आणि सर्वांत वरच्या पापुद्र्याखाली साठून बसते. तो पू म्हणजे याच पेशी. त्यावर "इन्फेक्शन वाढलं" म्हणून त्याच कुळातली आणखी जोरदार गोळी दिली की विस्तवावर रॉकेल पडतं.

आधी उजेडात नीट पाहा

ट्यूबलाइटखाली नको. खिडकीशी किंवा गॅलरीत, दिवसाच्या उजेडात पाहा. सुरुवात बहुतेक वेळा काखा, जांघा, मानेच्या वळ्या, स्तनांखालची जागा किंवा चेहरा इथून होते. आधी कातडी तापते, सुजते, आग होते, खाज येते. मग काही तासांत त्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढुरक्या-पिवळट पुटकुळ्या उठतात. एकदोन नाही, शेकड्यांनी. एकमेकींना चिकटल्या की तिथला पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो. सोबत ताप, साधारण ३८ अंश सेल्सियस म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४ किंवा त्याहून जास्त.

पुस्तकांत "लाल त्वचा" लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर तो लालपणा दिसेलच असं नाही. जागा नेहमीपेक्षा गडद, जांभळट किंवा तपकिरी दिसते. म्हणून डोळ्यांइतकाच हातावर भरवसा ठेवा. तळहाताची मागची बाजू लावून पाहा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम आणि फुगलेली लागते का?

आता घामोळ्या. त्यांच्यातही कधी पू भरतो, म्हणून घोटाळा होतो. पण घामोळं उन्हातून आल्यावर टोचतं, कूलरपुढे बसलं की उतरतं आणि त्याने अंगात असा ताप चढत नाही. केसतोडीत पुटकुळीच्या मधोमध केस असतो. इथे पुटकुळ्यांचा केसांच्या मुळांशी संबंध नसतो. कांजिण्यांत पाण्याचे फोड असतात आणि नवे, फुटलेले, खपली धरलेले असे सगळे एकाच वेळी दिसतात.

खरा गोंधळ गजकर्णाचा. गेली काही वर्षं जांघेतल्या गजकर्णाने सगळ्यांना सळो की पळो केलं आहे आणि त्यावर टर्बिनाफिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. टर्बिनाफिन हे एजीईपी घडवणाऱ्या ओळखीच्या औषधांपैकी एक आहे. म्हणजे माणूस जांघेच्या आजारासाठी गोळी घेतो, रिॲक्शनही जांघेतूनच सुरू होते आणि घरात सगळे म्हणतात, गजकर्ण पसरलं. गजकर्णाची कडा गोल असते, ते आठवड्या-आठवड्याने वाढतं. ही भानगड तासांत पसरते. हा एक फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

थेट मोठ्या हॉस्पिटलात कधी

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर औषधांची यादी करत बसू नका, फोटोही वाटेत काढा:

- तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी जखमा. ओठ सोलून रक्ताळणं
- कातडी चादरीसारखी सुटणं, मोठे फोड, जांभळे-काळे दुखरे चट्टे
- चेहरा, जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास घेताना त्रास
- लघवी फार कमी होणं, डोळे पिवळे दिसणं, ग्लानी, बरळणं, हातपाय गार पडणं

पहिल्या दोन ओळींतली लक्षणं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारख्या जास्त घातक रिॲक्शनची असू शकतात. एजीईपीत तोंड आलं तरी ते सहसा ओठांपुरतं, हलकं असतं. घरी बसून दोन्हींत निवाडा करायचा नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. गरोदर बाई, लहान मूल, साठीच्या पुढचं माणूस, मधुमेह, किडनीचा आजार किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर यातलं काही नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

औषध थांबवणं

उपचाराचा कणा हाच आहे. कारणीभूत औषध बंद झालं की पुढचं बरंचसं काम शरीर स्वतः करतं. दर दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत कारण औषधच सापडतं.

संशय कुणावर घ्यायचा? पेनिसिलीन कुळातल्या अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिनवर आधी. मग ॲझिथ्रोमायसिनच्या कुळातली, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली आणि सल्फाची औषधं. अँटिबायोटिक सोडून टर्बिनाफिन, सांधेदुखीसाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, रक्तदाब-हृदयाचं डिल्टियाझेम. अधूनमधून वेदनाशामक गोळ्याही निघतात. वेळेचं गणित उपयोगी पडतं. सल्फा सोडून बाकी अँटिबायोटिकने झालेली रिॲक्शन बहुतेक वेळा एकदोन दिवसांतच उठते. टर्बिनाफिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फा, डिल्टियाझेम यांना दीड आठवड्याच्या आसपास लागतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शरीरातून बाहेर पडायला फार दिवस घेतं, त्यामुळे ते बंद केल्यावरही रिॲक्शन रेंगाळू शकते.

सर्दी, दाढ, लघवीची जळजळ, गजकर्ण अशा कारणासाठी नुकतंच सुरू केलेलं औषध असेल, तर पुढचा डोस घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. "कोर्स पुरा करायचा" हा नियम चांगलाच आहे, काउंटरवर मी स्वतः दिवसातून वीसदा सांगतो, पण तो रिॲक्शन आलेल्या माणसासाठी नाही.

मात्र घाबरून सगळाच डबा बंद करायचा नाही. फिट्सची गोळी, इन्शुलिन, हृदयाचं किंवा रक्त पातळ ठेवायचं औषध, टीबीचा कोर्स, बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड, हे अचानक सोडलं तर रिॲक्शनपेक्षा मोठं संकट उभं राहतं. संशय अशाच औषधावर असेल तर ते बदलण्याचा निर्णय डॉक्टर घेतील, पण त्याच दिवशी, पुढच्या सोमवारी नव्हे. विदर्भात सिकलसेलची बरीच मुलं रोज पेनिसिलीन घेतात. त्यांच्यावर अशी वेळ आली तर पेनिसिलीन थांबेल, पण जंतूंपासूनचं संरक्षण थांबता कामा नये. बदली औषध कोणतं, हे विचारल्याशिवाय तिथून उठू नका.

कागद घ्या, तारखा लिहा

माझ्या मते घरच्या माणसाने करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हे. डॉक्टर कातडी पाहून आजार ओळखतात, पण गुन्हेगार पकडायला त्यांना तारखा लागतात.

एका कागदावर गेल्या महिनाभरात पोटात, अंगावर, डोळ्यांत, शिरेत गेलेलं सगळं लिहा. फक्त गोळ्या नाहीत. ताकदीचं इंजेक्शन, सलाइन, डोळ्यांचे थेंब, मलमाची ट्यूब, सीटी स्कॅनआधी दिलेला डाय, वैदूचं चूर्ण, शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळी. हे शेवटचं माणसं हमखास लपवतात किंवा विसरतात. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: सुरू केल्याची तारीख, शेवटचा डोस, आणि हे औषध आयुष्यात आधी कधी घेतलं होतं का. खाली वेगळ्या ओळीत पहिली पुटकुळी कधी आणि कुठे उठली, ताप कधी चढला. ताप आधी होता आणि त्यासाठीच औषध घेतलं होतं, की औषधानंतर आला, हे स्पष्ट लिहा. इथे गफलत झाली की "ताप उतरत नाही" म्हणून पुन्हा अँटिबायोटिक वाढतं.

पत्ते फेकू नका. अर्धा कापलेला पत्ता असेल तर नाव असलेला भाग जपा. आमच्यासारखे दुकानदार दोन गोळ्या कापून देतात तेव्हा नावच गायब होतं, हा आमचा दोष. असं झालं असेल तर दुकानात परत जाऊन बिल किंवा नाव लिहून मागा, तुमचा हक्क आहे. पुटकुळ्यांचे फोटो रोज त्याच उजेडात काढा. त्या दोनतीन दिवसांत रूप बदलतात आणि डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर नुसती सालं उरतात.

आणखी एक प्रश्न घरात विचारा: रुग्णाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला सोरायसिस आहे का? पुवाच्या पुटकुळ्यांचा सोरायसिस हुबेहूब असाच दिसतो. तो पुन्हापुन्हा उलटतो, जास्त दिवस टिकतो आणि त्याचे उपचार वेगळे. सोरायसिसच्या माणसाने स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक सोडल्या तर तोही भडकू शकतो.

नागपुरात कुठे

त्वचारोग विभाग असलेलं आणि गरज पडली तर भरती करणारं ठिकाण हवं. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स ही सरकारी नावं इथे कुणाला सांगावी लागत नाहीत. धंतोली-रामदासपेठेत खासगी त्वचारोगतज्ज्ञ भरपूर आहेत, फक्त भरतीची सोय आहे का ते फोनवर आधी विचारा. रात्री ओपीडी बंद असते, पण कॅज्युअल्टी चालू असते. सकाळची वाट पाहू नका. चिठ्ठी काढताना "खाज आहे" असं सांगितलंत तर रांगेत बसाल. "नवीन औषधानंतर ताप आणि अंगभर पुवाचे फोड" असं म्हणा.

तिथे काय होतं

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल वाढलेल्या दिसतात, काहींत इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही. लिव्हर आणि किडनीची तपासणी होते, कारण सहापैकी साधारण एका रुग्णात आतल्या एखाद्या अवयवालाही झळ पोचते. पुटकुळीतला पू तपासायला घेतात, त्यात सहसा जंतू वाढत नाहीत. शंका असेल तर कातडीचा बारीक तुकडा काढतात. बायोप्सी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅन्सर येतो. इथे ती फक्त सोरायसिस की रिॲक्शन हे ठरवायला असते. जागा बधिर करून होते, एखादा टाका पडतो.

उपचारात लावायचं स्टेरॉइड मलम, खाजेची गोळी, ओल्या पट्ट्या, शिरेतून पाणी. आजार जास्त पसरला असेल तर काही दिवस पोटातून स्टेरॉइड, आणि मग मधुमेह्याची साखर चढणार हे धरूनच चालायचं. अँटिबायोटिक फक्त खरोखर जंतुसंसर्ग सिद्ध झाला तरच. कुणी पुन्हा लिहिलं तर नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, हे आधीच्या औषधाच्या कुळातलं तर नाही ना?" या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

घरी सांभाळताना

घरी पाठवलं, किंवा भरतीनंतर घरी आणलं, की पहिला शत्रू आपलं प्रेम. हळद, कडुनिंबाचा काढा, कोरफड, टूथपेस्ट, डेटॉल, घामोळ्यांची पावडर, यातलं काहीही लावायचं नाही. आणि ती दुकानात हवी तशी मिळणारी तीन औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब, तीही नाही. फोडायच्या तर मुळीच नाहीत.

सुती, ढगळ कपडे. नऊवारीची जुनी मऊ धुवट साडी अंथरायला उत्तम. स्वच्छ साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती कापड आग होत असेल तिथे १०-१५ मिनिटं ठेवा, दिवसातून दोनतीनदा. बर्फ नको. आंघोळ कोमट किंवा साध्या पाण्याने, साबण न चोळता, मग हलकेच टिपून घ्या. मग अंग ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. स्टेरॉइड मलम सांगितलं त्याच जागी आणि तितकेच दिवस. कूलर चालेल, पण टाकीतलं पाणी बदला. इतकी कातडी सुजली की अंग उष्णता आणि पाणी दोन्ही सांभाळू शकत नाही, म्हणून थेट झोतात झोपवू नका आणि पाणी, ताक, पन्हं चालू ठेवा. किडनी-हृदयाच्या रुग्णाला किती पाणी चालेल ते विचारून घ्या.

तापाला पॅरासिटामॉल बहुधा चालतं, पण तेच संशयितांच्या यादीत असेल तर विचारल्याशिवाय नको. सकाळ-संध्याकाळ ताप लिहा, लघवीवर लक्ष ठेवा.

परहेजाचा प्रश्न येतोच. वांगं, चिंच, अंडं यांचा या आजाराशी संबंध नाही. तोंड आलं असेल तर सावजी रस्सा चार दिवस बाजूला राहू द्या, एवढंच. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. नातवाला आजीजवळ जाऊ द्या.

औषध थांबल्यावर चार ते दहा दिवसांत पुटकुळ्या वाळतात आणि कातडी बारीक पापुद्र्यांनी सोलवटते. हे बरं होण्याचं लक्षण आहे. सालं ओढू नका. दोन आठवड्यांत बहुतेक सगळं आवरतं. व्रण सहसा राहत नाहीत, पण सावळ्या रंगावर गडद डाग काही आठवडे-महिने दिसतात. ते आपोआप फिके होतात. त्यासाठी गोरं करणारी क्रीम मागायला आलात तर मी देणार नाही. उलट वाळत आलेल्या जागेतून घाण वास, पिवळी खपली, वाढतं दुखणं किंवा उतरलेला ताप पुन्हा, असं झालं तर आता मात्र खरा जंतुसंसर्ग असू शकतो. परत दाखवा.

बरं झाल्यावरचं काम

इथे लोक ढिले पडतात. तेच औषध वर्षभराने दुसऱ्या नावाने पोटात गेलं की पुन्हा तेच, कधी काही तासांतच. आपल्याकडे एका अमॉक्सिसिलिनची बाजारात कितीतरी नावं आहेत. म्हणून ब्रँड लक्षात ठेवून भागत नाही. पत्त्यावर बारीक अक्षरात असतं ते मूळ नाव पाठ करा. डिस्चार्ज कार्डावर "ड्रग रिॲक्शन" एवढंच मोघम लिहिलं असेल तर औषधाचं मूळ नाव घालून घ्या.

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पुठ्ठा घ्या. त्यावर डॉक्टरांना चटकन वाचता येईल अशा ठळक इंग्रजी अक्षरांत औषधाचं मूळ नाव, महिना-वर्ष, काय झालं, कितव्या दिवशी, भरती केलं का, आणि त्याच कुळातली कोणती औषधं टाळायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. लॅमिनेशन करून पाकिटात ठेवा, फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दाताच्या डॉक्टरलाही दाखवा. तिथेच जास्त विसरतं.

नेमकं कोणतं औषध हे ठरत नसेल तर पॅच टेस्ट होऊ शकते. ती बरं झाल्यावर चारसहा आठवड्यांनी करतात, पाठीवर औषधाची पट्टी लावून. सुमारे निम्म्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. निगेटिव्ह आली म्हणून ते औषध निर्धोक ठरत नाही. इंजेक्शनआधी हातावर टोचून पाव तासात पाहतात ती टेस्ट डोस तर या कामाचीच नाही. ती लगेच उठणारी ॲलर्जी पकडते, दोन दिवसांनी उठणारी ही नाही. "टेस्ट केली, काही झालं नाही" असं सांगून कुणी सुई पुढे करत असेल, तर कार्ड काढून दाखवा. घरी अर्धी गोळी खाऊन खात्री करण्याचा उद्योग कुणी करू नये.

शेवटचं काम दहा मिनिटांचं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा टोल फ्री क्रमांक. रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात, त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे. हॉस्पिटलातून निघण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा, "याची नोंद पाठवली का?" नसेल तर स्वतः फोन करा. हाताशी तारखांचा तोच कागद ठेवा.

मावशी जुलैत आल्या होत्या, बीपीची गोळी न्यायला. मी पत्ता पुढे केला, तर त्यांनी आधी पाकिटातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी हे वाचा, भाऊ. मग द्या."